पेटीतली पिवळी चकती

एका बचत गटाकडून आमच्या केंद्रावर प्रश्न आलाय. आजेसासूबाईंच्या पेटीत एक पिवळी, पातळ चकती निघाली, एक रुपयाच्या नाण्याएवढी. एका बाजूला बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. घरातले कुणी म्हणतात गिनी, कुणी म्हणतात बिल्ला. आणि गावात येणारा एकजण म्हणतो, पाच हजार भरा, दोन लाख मिळवून देतो.

पैसे भरायच्या आधी चकती उजेडात धरा. इंग्रजी वाचणाऱ्या पोरीला हाक मारा. घोडेस्वाराच्या वर ‘टू हॅनोव्हर’ अशी अक्षरं आहेत का? खाली १८३७ साल आहे का? स्वाराच्या डोक्यावर मुकुट आहे का? असेल, तर ती गिनी नाही. इंग्लंडात पत्ते खेळताना डाव मोजायला वापरायची ती पितळेची चकती. आपण चिंचोके मांडतो ना, तसंच.

पण त्या घोडेस्वाराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १७१४ पासून इंग्लंडचा राजा जर्मनीतल्या हॅनोव्हरचंही राज्य बघायचा. १८३७ साली चौथा विल्यम वारला आणि अठरा वर्षांची व्हिक्टोरिया, त्याची पुतणी, इंग्लंडच्या गादीवर आली. हॅनोव्हरचा कायदा मात्र म्हणे, घराण्यात पुरुष असताना बाईला गादी नाही. म्हणून ते राज्य तिच्या काकाला, कंबरलंडच्या ड्यूकला मिळालं. हा काका इंग्लंडात लोकांना मुळीच आवडत नसे. तो गेला, तर लोकांनी चकतीवर त्याची थट्टा केली: एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला हॅनोव्हरला निघालेला काका! म्हणजे वारसाहक्काचं भांडण थेट पत्त्यांच्या डावात येऊन बसलं.

थट्टा करताना कारागिरांनी चित्र मात्र सोन्याच्या नाण्यासारखं ठेवलं. खऱ्या सॉव्हरिनवर, जिला आपल्याकडे गिनीच म्हणतात, घोड्यावरचा संत जॉर्ज राक्षसी सर्प मारताना दिसतो. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असतं, मुकुट नव्हे. या सारखेपणाचा फायदा लबाडांनी तिकडेही घेतला. नाण्यासारखे दिसणारे बिल्ले बनवायला-विकायला बंदी करणारा कायदा इंग्लंडात १८८३ साली झाला. आणखी एक खूण सांगते. व्हिक्टोरियाच्या नावाची खरी सॉव्हरिन १८३८ पासूनची. तिच्या चेहऱ्यामागे १८३७ साल दिसलं की समजा, हा खेळातला पैसा.

अक्षरं झिजली असतील तर वजन करा. २०११ नंतरची, रुपयाचं चिन्ह असलेली एक रुपयाची दोन नाणी तराजूच्या एका पारड्यात ठेवा, दुसऱ्यात चकती. खरी सॉव्हरिन जवळजवळ आठ ग्रॅमची, तिचं पारडं खाली जाईल. तेवढ्याच आकाराची पितळ सोन्याच्या निम्मीच भरते. लोहचुंबक लावून काही कळत नाही. सोनंही चिकटत नाही, पितळही नाही. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका! घासलेलं जुनं नाणं संग्रह करणारे नाक मुरडून बाजूला ठेवतात.

आता त्या दोन लाखांचं. या चकत्या तिकडे ढिगाने सापडतात, किंमत किरकोळ. आणि जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी कमिशन, कर, फाइलचे पैसे मागत असेल तर ऐका: अशा व्यवहारात आपण पडत नाही, कसलंही शुल्क घेत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. ओटीपी तर सांगायचाच नाही.

उलटंही होतं बरं. खरी गिनी पितळेची म्हणून कुणी स्वस्तात उचलू नये. सॉव्हरिन आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली, १९१८ साली. तिच्यावर पंचम जॉर्जचा चेहरा असतो. मागच्या बाजूला सालाच्या वर, जमिनीच्या रेघेवर, इंग्रजी ‘आय’ हे अक्षर कोरलेलं असतं. आपल्या तिळाएवढं. भिंग लावूनच बघा. असं अक्षर दिसलं तर दोन वेगवेगळ्या सराफांकडे जा, कसोटीवर आपल्या डोळ्यांसमोर घासायला लावा, आणि चकती हातातून सोडू नका.

जमिनीत खणताना काही सापडलं तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पेटीतल्या वस्तूला ते लागू नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि केंद्रावर पाठवा. वस्तू मात्र पाठवू नका, घरीच ठेवा.