धुतलेल्या कपड्यांचा मऊपणा : किती आणि कुठे?
(महिला मंडळाच्या 'घर आणि विज्ञान' या कार्यक्रमात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवी वर्षात मोठ्या विषयांवर बोलणारे बरेच आहेत, म्हणून मी आपला बाल्कनीतल्या दोरीवरचा विषय घेतला आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात धुतलेला टॉवेल वाळला की पापडासारखा होतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून घरोघरी फॅब्रिक सॉफ्टनरची बाटली आली. ती नेमकं करते काय?

जड पाण्यातले क्षार कपड्यात उरतात. शिवाय सुती कपडा वाळताना धागे एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून तो कडक लागतो. सॉफ्टनरमधल्या मुख्य रसायनाच्या एका टोकाला धन विद्युतभार असतो, आणि दुसरं टोक म्हणजे तेलकट शेपूट. पाण्यात सुती धाग्यावर ऋण भार असतो. त्यामुळे धन टोक धाग्याला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. थोडक्यात, धाग्याला स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ हात फिरतो. धागे एकमेकांवरून सहज सरकतात, आणि आपल्या हाताला ते मऊ लागतं. पूर्वी आपण शेवटच्या पाण्यात खळ घालून कपडा कडक करायचो, हे त्याच्या बरोबर उलट!

आता एक महत्त्वाची गोष्ट. साबणाच्या पावडरीचा भार बहुधा ऋण असतो. दोन्ही एकत्र घातले तर ते एकमेकांशीच जुळतात. ना धड धुणं, ना धड मऊपणा. म्हणून सॉफ्टनर शेवटच्या खळबळण्यालाच घालायचा. मशीनमध्ये त्याचा कप्पा वेगळा असतो तो याचसाठी. कपड्यावर थेट ओतू नका, तेलकट डाग पडतात.

फायदे खरे आहेत. सुरकुत्या कमी पडतात, इस्त्री सोपी होते, थंडीत सिंथेटिक साडी अंगाला चिकटत नाही, चटचट आवाज होत नाही. घासणं कमी झाल्याने कापडाची झीजही कमी होते.

पण तोच तेलकट थर तोट्याचाही आहे. टॉवेल पाणी कमी टिपतो. घरी गेल्यावर कोरड्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा तसाच बसून राहिला, तर सॉफ्टनर जास्त झाला समजा. दोन-तीन वेळा सॉफ्टनरशिवाय, शक्य तर गरम पाण्यात धुतलं की फरक पडतो. टॉवेल, लंगोट, फरशी पुसायचे मायक्रोफायबर कपडे आणि मुलांचे खेळाचे, घाम शोषणारे कपडे यांना सॉफ्टनर नकोच. सुगंधामुळे काहींच्या त्वचेला खाज येते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना तो टाळलेला बरा.

सर्वांत गंभीर मुद्दा आगीचा. मऊ, फुललेल्या फ्लीस किंवा टर्किश कापडावर हा थर साचला की ते लवकर पेट घेऊ शकतं. ज्या कपड्यांवर आगरोधक प्रक्रिया केलेली असते, त्यांचा तो गुण सॉफ्टनरने कमी होतो. दिवाळीत पणत्यांजवळ वावरणारी मुलं आणि गॅसजवळची आपली हातपुसणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी हे का सांगते ते कळेल.

मग करायचं काय? पावडर मापात घाला, कपडे नीट खळबळा, वाळत घालण्यापूर्वी जोरात झटका. टॉवेल वाळल्यावर हातांनी चोळला तरी बराच मोकळा होतो. अधूनमधून शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर चालतं. रोज मात्र नको, मशीनचं रबर खराब होऊ शकतं. आणि व्हिनेगर व ब्लीच कधीही, कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. घरातल्या मदतनीस ताईंनाही हे आवर्जून सांगा.

बाटली फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. साड्या, शर्ट, चादरी यांना जरूर वापरा, पण टोपणाच्या मापाने. लोणच्यात मीठ घालतो तसं, अंदाज सुटला की चव गेली!