यादीतले रकाने
(मासिक सभेतील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांची नावे कुठल्या ना कुठल्या मराठी मंडळाच्या ई-मेल यादीत आहेत. ही यादी आता सचिवांच्या वहीत नसते, मेलचिंपसारख्या सेवेवर असते. तिथे नावापुढे आणखी रकाने जोडता येतात: जन्मतारीख, मूळ गाव, व्यवसाय. शिवाय कोणते पत्र उघडले, कोणत्या दुव्यावर टिचकी मारली, हेही नोंदले जाते.

"यात लपवण्यासारखे काय आहे?" असे कोणी विचारील. सुटा रकाना निरुपद्रवी असतो. प्रश्न बेरजेचा आहे. अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना केवळ पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग यांवरून वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे, असे लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवले. आपल्या यादीत तर आडनावही असते. जात आपण विचारत नाही. पण आडनाव, गाव आणि आंबेडकर जयंतीचे पत्र उघडल्याची नोंद एकत्र आली की न विचारलेली जातही लिहिल्यासारखी होते. जातिअंताची भाषा बोलणाऱ्यांनी असा दस्तऐवज तयार करावा का?

२०११ साली एप्सिलॉन या ई-मेल कंपनीतून अनेक बँका आणि दुकानांच्या ग्राहकांची नावे व पत्ते चोरीला गेले. बँक कोणती हे कळले की फसवे पत्र लिहिणे सोपे होते. युरोपात २५ मे २०१८पासून लागू झालेला जीडीपीआर धर्म, वंश, राजकीय मते यांना विशेष संरक्षण देतो. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्याने पत्रे थांबवता येतात. पण साठलेली माहिती पुसण्याचे बंधन तो घालत नाही. ते आपणच घालून घ्यायला हवे.

म्हणून चार सूचना. ज्या रकान्याचा उपयोग सांगता येत नाही, तो काढावा. जन्मतारखेऐवजी वयोगट पुरतो. पत्र उघडल्याची नोंद बंद करावी. कार्यकारिणी बदलली की जुन्यांचा प्रवेश त्याच दिवशी रद्द करावा, कारण तो असेल तर सगळी यादी एका फाइलीत उतरवून घेता येते. सोडून गेलेल्यांचा फक्त ई-मेल पत्ता ठेवावा, तोही पुन्हा पत्र जाऊ नये एवढ्यासाठी.

लोकांनी पत्ता दिला तो पत्र यावे म्हणून. त्यापलीकडचे काही आपले नाही.