वाटणीनंतरचे शेत



पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे. शेतीच्या अभ्यासकांना मात्र ते एका जुन्या पाहणीमुळे परिचित आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाच्या शेतीचा अभ्यास करून तो १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले, असे त्यांना आढळले. एका गावाची ही कथा पुढे साऱ्या राज्याची झाली. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर भरले.

या तुकड्यांमागे न्यायबुद्धीच आहे. वडिलोपार्जित जमिनीत काही काळी, काही मुरमाड, काही विहिरीच्या पाण्याखालची असते. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येक भाऊ प्रत्येक प्रतीच्या जमिनीत हिस्सा मागतो. वाटणी समान होते. परंतु पट्टे इतके अरुंद होतात की औत वळवण्यास जागा उरत नाही आणि बांधांखालीच बरीच जमीन जाते. १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला, तरी वारसांची संख्या वाढतच राहिली.

या प्रश्नाचे मूळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्येच आपल्या निबंधात दाखविले होते. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्यावर लावलेल्या भांडवलाशी आणि श्रमाशी त्याचा मेळ बसतो की नाही, यावर ते ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जमिनीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांनी हलका करावा, हा त्यांनी सुचविलेला उपाय होता.

म्हणूनच मालकी वाटली गेली तरी कामाची साधने वाटली जाण्याचे कारण नाही. तीन भावांनी तीन विहिरी खणल्या, तर तिघेही कर्जात बुडतात आणि भूगर्भातील पाणी एकच असल्याने कोणाचीच विहीर पुरत नाही. एका सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या नीट ठरल्या, तर तिघांचीही पिके तगतात. सावड आणि इर्जिक या प्रथा याच शहाणपणातून जन्मल्या. पेरणीयंत्र, मळणीयंत्र आणि फवारणीची साधने यांनाही तेच लागू पडते.

मात्र सामाईकपणा तोंडी राहिला, तर पुढच्या पिढीत तो तंट्याचे कारण होतो. विहिरीतील हिस्सा आणि शेतात जाण्याची वाट यांची नोंद वाटणीपत्रात व सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वेळीच झालेली बरी. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, असे जुने गुंते सोडविण्यासाठी शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली, यावरून अशा तंट्यांची व्याप्ती ध्यानात यावी.

घरातील स्त्रीचा विचार केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. खुरपणी, बियाण्याची निवड, गुरांची निगा ही कामे बहुतांशी तिच्याकडे असतात. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला. तरीही प्रेमाच्या नावाखाली बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत अनेक घरांत आढळते. एकर कमी पडतात म्हणून बहिणीचा हक्क बुडवणे हा उपाय नव्हे. वाटेकरी वाढले तरी विहीर, वाट आणि औजारे सामाईक ठेवता येतात. आजोबांनी राखलेली जमीन नातवंडांच्या हाती कसदार पोहोचावयाची असेल, तर हिस्से कागदावर स्पष्ट आणि कष्ट शिवारात एकत्र असले पाहिजेत.