पायी यात्रेतलं पाणी आणि हातात मावणारी गाळणी

आम्ही तळवलीच्या बचत गटातून बोलतोय. चैत्रात आपल्या आगरी-कोळी गावांतून पालख्या कार्ल्याच्या एकविरा आईला चालत निघतात. पाठीवर पिशवी असते, कधी कडेवर लेकरू. त्यात एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. वाटेत मिळेल ते पाणी भरावं, तर जुलाबाची भीती. म्हणून आज हलक्या गाळणीबद्दल बोलूया.

शंभर ग्रॅमच्या आत वजन असलेल्या गाळण्या मिळतात. आत शेवयांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या भिंतीला ०.१ मायक्रॉनची छिद्रं असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. कॉलऱ्याचे, टायफॉइडचे जंतू त्यात अडकतात. घेताना खोक्यावर हा आकडा बघा. नुसता कोळसा भरलेली गाळणी वास घालवते, जंतू काढत नाही.

आता महत्त्वाचं. काविळीचे विषाणू या छिद्रांहून लहान असतात, ते पार निघून जातात. पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच. म्हणून तिला खळखळ उकळलेलं पाणीच द्या. उकळणं जमत नसेल तर गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मगच प्या. खाडीचं मीठ आणि कारखान्याच्या सांडपाण्यातली रसायनंही ही गाळणी काढत नाही. अशा नाल्याचं पाणी घेऊच नका.

पाणी गढूळ असेल तर आधी जुन्या सुती साडीतून गाळा, चार तरी घड्या घालून. साडीला कमी समजू नका. बांगलादेशात गावोगावी असं पाणी गाळून पाहिलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. २००३ साली तो अभ्यास छापून आला. साडीने गाळ अडला की गाळणीही लवकर तुंबत नाही.

धार बारीक झाली की गाळणी जोरात दाबू नका. सोबत मिळालेल्या पिचकारीने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने सोडा, अडकलेला गाळ बाहेर येतो. मुक्कामाला रोज हे करा. गाळणी दगडावर आपटली तर आतल्या नळ्या फुटू शकतात. बाहेरून काही दिसत नाही, धार उलट जोरात येते. अशी गाळणी बाजूला काढा. कच्च्या पाण्याच्या पिशवीला लाल दोरा बांधा, तिचा थेंबही पिण्याच्या बाटलीच्या तोंडाला लागू देऊ नका. घरी आल्यावर धुऊन, पुरती सुकवून ठेवा. ओली बंद केली की बुरशी धरते.

गटाने मिळून घेतली तर एकीवर भार पडत नाही. मात्र धुण्याची जबाबदारी एकीच्या नावावर लिहा. सगळ्यांची म्हटली की कुणाचीच राहत नाही. निघायच्या आठवडाभर आधी बैठकीत गाळणी आणा, पाणी सोडून धार बघा. आई एकविरा सगळ्यांना सुखरूप नेवो, सुखरूप आणो.