एका बिंदूपुरते गणित

‘शेडर’ हा इंग्रजी शब्द कानी पडला की आपल्या मनात साहजिकच सावली येते. परंतु संगणकाकडून चित्र काढविण्याच्या शास्त्रात ज्याला शेडर म्हणतात, त्याचे नाते सावलीपेक्षा छटेशी अधिक आहे. महाराष्ट्रात शाळकरी वयात ज्यांनी चित्रकलेची एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट परीक्षा दिली असेल, त्यांना वस्तुचित्राचा तास आठवेल. समोर स्टुलावर एखादा माठ ठेवलेला असे आणि उजेडाकडची बाजू फिकी, तेथून पुढे क्रमाक्रमाने गडद, अशी पेन्सिल चालवीत सपाट कागदावर गोलाई उभी करावयाची असे. पेन्सिलीचे हे काम संगणकाकडून करवून घेणारी छोटीशी आज्ञावली म्हणजे शेडर. विद्यापीठांतील संगणक-चित्रणाच्या अभ्यासक्रमात ती लिहावयास शिकवितात. मी हे शिक्षण चाळिशीनंतर, कचेरीचे काम सांभाळून घेतले. तेव्हा जे सांगतो आहे, ते तज्ज्ञाचे नव्हे, विद्यार्थ्याचे आहे.

आता या कामाचा व्याप पाहा. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू झाले. चित्र हलते भासावे म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढावयाची म्हटल्यास दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. एकामागून एक बिंदू घेत बसल्यास हे साधणे कठीण. म्हणून चित्रासाठी वेगळे यंत्र असते, आणि त्यात हजारो लहान गणिते एकाच वेळी चालतात. त्या सर्वांना आज्ञावली मात्र एकच. सरकारी नोकराला येथे परिपत्रकाची उपमा सुचली तर श्रोत्यांनी क्षमा करावी. मुख्य कचेरीतून एकच परिपत्रक सुटते, प्रत्येक तालुक्याने ते आपल्या आकड्यांना लावावयाचे, आणि शेजारच्या तालुक्याने काय केले हे विचारावयाचे नाही. असे परिपत्रक लिहिणे किती अवघड असते, हे ज्यांनी लिहिले आहे त्यांनाच ठाऊक.

विद्यार्थ्याची पहिली अडचण नेमकी येथे उद्भवते. तोवर तो ‘आधी हे कर, मग ते कर’ अशा आज्ञा देण्यास शिकलेला असतो. वर्तुळ काढ म्हटले की त्याच्या मनात कंपास फिरू लागतो. शेडरमध्ये फिरणारा कंपास नाही. तेथे प्रत्येक बिंदूने स्वतःस एवढेच विचारावयाचे, की मी केंद्रापासून त्रिज्येपेक्षा कमी अंतरावर आहे काय? असेन तर लाल, नसेन तर पांढरा. लाखो बिंदूंनी आपापल्यापुरते उत्तर दिले की पडद्यावर वर्तुळ उमटते. ते कोणी काढलेले नसते. ही कल्पना समजण्यास पाच मिनिटे लागतात आणि अंगवळणी पडण्यास निदान तीन आठवडे.

त्यानंतर प्रकाश येतो. योहान हाइनरिख लाम्बेर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली प्रकाशमापनावरील आपल्या ग्रंथात एक नियम मांडला. त्याचा आशय असा, की पृष्ठभागावर किरण जितका तिरपा पडेल तितका उजेड कमी, आणि तो किती कमी हे किरण व पृष्ठभागाचा लंब यांमधील कोनाच्या कोज्येवरून, म्हणजे शाळेत आपण ज्याला ‘कॉस’ म्हणत होतो तिच्यावरून ठरते. सदिशांचा अदिश गुणाकार आपण महाविद्यालयात परीक्षेपुरता केला आणि विसरलो. एक एकक लांबीचे दोन सदिश घेतले, तर त्यांचा गुणाकार हीच ती कोज्या. ती एक ओळ आज्ञावलीत लिहिली, की पडद्यावरची सपाट चकती एकाएकी चेंडू होते. कोरड्या गणिताला असा उजेड फुटताना मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

पुढचा टप्पा चकाकीचा. त्याचा इतिहास अमेरिकेतील युटा विद्यापीठात घडला. संगणकात वस्तू लहान लहान त्रिकोणांनी बनविलेली असते. आंरी गुरो या फ्रेंच संशोधकाने १९७१ साली अशी रीत बसविली, की त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर रंग काढावा आणि मधला भाग त्या रंगांच्या सरमिसळीने भरावा. आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघांची जाळी आखून त्याने हा प्रयोग केला होता. या रीतीत दोष असा, की चकाकीचा ठिपका त्रिकोणाच्या मध्यावर पडला तर तो दिसतच नाही. कोपऱ्यांना त्याची वार्ताच नसते. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या बुइ तुओंग फोंग या तरुणाने तोडगा काढला. रंगांऐवजी लंबांची सरमिसळ करावी आणि प्रकाशाचे गणित प्रत्येक बिंदूवर नव्याने करावे. त्याचा प्रबंध १९७३ चा, निबंध छापून आला १९७५ साली, आणि त्याच वर्षी, वयाची तेहतिशी पुरी होण्यापूर्वी, तो वारला. त्याच्या देशात कुलनाम आधी लिहितात. तेव्हा जगभरचे विद्यार्थी ज्याला ‘फोंगची रीत’ म्हणतात, त्यात त्याचे घरगुती नाव राहिले आहे.

फोंगचे सूत्र निसर्गाचे सूत्र नव्हे, हे मात्र विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. चकाकी लहान व तीव्र दिसावी म्हणून तो कोज्येचा दहावा, तिसावा, शंभरावा घात घेतो. का, तर डोळ्याला तसे बरे दिसते म्हणून. १९७७ साली जिम ब्लिन यांनी त्यात सुधारणा सुचविली, आणि हाच घात तिथे विद्यार्थ्याची परीक्षा घेतो. सरमिसळ केलेला लंब एककाहून थोडा आखूड होतो. त्याची लांबी ०.९५ राहिली आणि पुन्हा एककावर आणावयाची विसरली, तर ३२ व्या घातात चमक सुमारे एक पंचमांश उरते. भांडे मळकट दिसते आणि चूक कोठे आहे हे कोणी सांगत नाही.

खरेच कोणी सांगत नाही, कारण शेडरला बोलता येत नाही. साध्या आज्ञावलीत शंका आली की मधली संख्या छापून पाहता येते. येथे बिंदूजवळ रंगाखेरीज दुसरी वाणी नाही. म्हणून विद्यार्थी लंबाचेच रंगात रूपांतर करतो. उणे एक ते अधिक एक या संख्यांना निम्मे करून त्यांत अर्धा मिळवितो, म्हणजे त्या शून्य ते एक अशा होतात, आणि मग तांबडा, हिरवा, निळा यांच्या विचित्र मिश्रणात न्हालेल्या माठावरून रोगाचे निदान करतो. वैद्याने जीभ पाहावी तसा हा प्रकार.

हे सारे हाताने करण्याची आज गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. शेडरची रचना बदलती ठेवावी हा विचार रॉबर्ट कुक यांनी १९८४ साली मांडला. २००१ मध्ये बाजारात मिळणाऱ्या चित्रयंत्रांवर विद्यार्थ्याला स्वतःच्या आज्ञा चालविता येऊ लागल्या. आता तर खेळ बनविण्याची तयार साधने आहेत, आणि कृत्रिम बुद्धीला सांगितले तर ती पूर्ण शेडर लिहून देते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात झळझळीत चित्र सादर करणारा विद्यार्थी दुर्मीळ राहिलेला नाही. त्याला विचारावे, की मान हलविली असता चकाकीचा ठिपका सरकतो, पण माठाची छटा जागची हलत नाही, हे कसे? चकाकीच्या गणितात पाहणाऱ्याची जागा येते, छटेच्या गणितात येत नाही, इतके साधे उत्तर आहे. ते ज्याला देता येत नाही, त्याने चित्र मिळविले, विद्या मिळविली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. साधने जरूर द्यावीत. पण पहिला चेंडू प्रत्येकाने स्वतःच्या ओळींनी उजळावा आणि त्याच ओळींवर तोंडी परीक्षा घ्यावी.

आणि सावली? आरंभी ती मी बाजूस ठेवली होती. छटेचे गणित करणाऱ्या बिंदूला आपल्यात आणि दिव्यात दुसरी वस्तू उभी आहे हे कळत नाही, म्हणून माठ सुंदर उजळतो पण टेबलावर त्याची सावली पडत नाही. लान्स विल्यम्स यांनी १९७८ साली यावर युक्ती काढली. देखावा प्रथम दिव्याच्या जागेवरून पाहावा, दिव्याला जे जे दिसले त्याचे अंतर नोंदवून ठेवावे, आणि मग प्रत्येक बिंदूने आपले अंतर त्या नोंदीशी ताडून पाहावे. नोंदीपेक्षा अधिक भरले तर आपण सावलीत. विद्यार्थी हे लिहितो आणि माठाच्या उजळ अंगावर काळे पट्टे उठतात. नोंदीची बारकाई अपुरी पडल्यामुळे माठ स्वतःच्याच सावलीत सापडलेला असतो. उपाय म्हणून ताडताना अंतरात किंचित सूट द्यावयाची असते. सूट कमी पडली तर पट्टे राहतात, जास्त झाली तर सावली माठाच्या बुडापासून सुटून अधांतरी तरंगते. ती किती असावी, हे प्रत्येक देखाव्यागणिक डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते.