पाहणे, समजणे आणि ठरवणे



आम्ही बँकेत लिपिक आहोत. व्यवस्थापनशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही; शिक्षण कलाशाखेतले. तथापि काउंटरच्या आत बसून माणूस माणसाला कसा पाहतो, हे आम्ही रोज अनुभवतो. कडक इस्त्रीचे खातेदार आले की खुर्ची पुढे होते. मळक्या धोतरातल्या शेतकऱ्याला 'जरा थांबा' ऐकावे लागते. शिल्लक मात्र कित्येकदा त्या शेतकऱ्याच्याच खात्यात जास्त असते! डोळ्यांना दिसतात कपडे, मन ठरवते पत. दिसलेल्याला मन जो अर्थ लावते, त्याला मानसशास्त्रात अवबोध म्हणतात. कार्यालयातील पुष्कळसे निर्णय या अर्थावर उभे असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1920 साली, सेनाधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. पण एका बाबतीत चांगला ठरलेला माणूस सगळ्याच बाबतींत चांगला ठरत होता. एका गुणाचे वलय बाकीच्या गुणांवर पसरले होते.

दुसरा प्रयोग 1958 सालचा, डिअरबॉर्न आणि हर्बर्ट सायमन यांचा. त्यांनी एकाच कंपनीतील 23 अधिकाऱ्यांना एका पोलाद कारखान्याची हकीकत वाचायला देऊन मुख्य अडचण कोणती ते विचारले. विक्री विभागातील 6 पैकी 5 जणांनी विक्रीवर बोट ठेवले. उरलेल्या 17 पैकी केवळ 5 जणांनी. कागद सर्वांपुढे एकच होता. परंतु प्रत्येकाने तो आपापल्या खुर्चीवरून वाचला.

येथवर कोणाच्या मनात द्वेष नव्हता. आपल्या देशात यात जातीची भर पडते. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. खाजगी नोकरीच्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाआडनावाचा. त्यांच्या सांख्यिकीय हिशेबाने दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जदाराला सुमारे एक तृतीयांश. उमेदवाराचे तोंडही न पाहता निर्णय झाला होता.

नोकरी मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. वरिष्ठांच्या मनातली प्रतिमा गोपनीय अहवालात उतरते आणि बढती त्यावर ठरते. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त यांना बढतीसाठी पाच वर्षे 'अतिउत्तम' शेरा हवा होता. 1993-94 साली मिळाला 'चांगला', आणि तो त्यांना कळवलाच नाही. ऐकायला गोड असलेल्या त्या शब्दाने बढती अडली. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले की शेरा कोणताही असो, तो संबंधिताला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येईल. विद्यार्थी मित्रांनो, उद्या नोकरीत गेलात की आपला शेरा मागून घ्या, वाचा, आणि पटला नाही तर मुदतीत लेखी उत्तर द्या. नुसती कुरकुर फाइलला लागत नाही.

मग उपाय काय? मन कोरे करा, असे सांगणे सोपे आहे. ते कोणालाच पूर्ण जमत नाही. म्हणून पद्धत बदलावी लागते. 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारच्या खालच्या पदांसाठी मुलाखत बंद झाली, त्यामागे हाच विचार आहे: गुण लेखी परीक्षेतून ठरावेत, चेहऱ्यावरून नव्हे. जेथे मुलाखत आहे तेथे सर्वांना तेच प्रश्न असावेत, निकष आधी लिहून ठेवावेत, प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्र मांडावेत आणि चर्चा नंतर करावी. आधी चर्चा झाली की मोठ्या माणसाचे मत तेच सगळ्यांचे मत होते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण आज निवड समितीवर, शाळेच्या मंडळावर, पतपेढीच्या कर्ज समितीवर बसतात. टेबलाच्या पलीकडे असताना आपण समान न्याय मागितला. आता टेबलाच्या अलीकडे बसलो आहोत. शिष्यवृत्तीचा अर्ज हाती आला की गाव, पोटजात, ओळख यांवर आधी हात ठेवावा, गुण आणि गरज वाचावी, आणि निर्णयाचे कारण दोन ओळींत लिहावे. जे कारण लिहिताना हात अडखळतो, ते कारण बहुधा खरे कारण नसते.