घर आवरायचं, पण कधी आणि कुणी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेली माणसं. साहित्यावर, अध्यात्मावर बोलायची आमची तयारी नाही. 'घरगुती काहीतरी बोला' असं मंडळानं सांगितलं, म्हणून घर आवरण्यावरच बोलतो. गणपतीच्या तोंडावर हे काम तुम्हा सगळ्यांच्या घरी नुकतंच झालेलं आहे, बहुतेक ठिकाणी भांडणासकट.

आमचं गाव येळ्ळूर, राजहंसगडाच्या पायथ्याचं. इथं बसलेल्या बऱ्याच जणांची अशीच घरं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आहेत. नोकरीच्या गावी फ्लॅट आणि गावाकडे जुनं घर. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परसू आणि वर माळा. त्या माळ्यावर काय काय आहे, हे घरातल्या एकाही माणसाला पुरतं ठाऊक नसतं. आमच्या माळ्यावर भाताची कणगी आहे. पूर्वी बासमतीचं भात तिच्यात राहायचं आणि घरभर वास असायचा. आता मळणी झाली की भात शेतातूनच मिलला जातं, कणगीत उंदीर राहतात. शेजारी कुळव, मोडकं जू, तांब्याचा बंब, पितळेचे हंडे, दोन कंदील. आणि खरी अडचण करतात ते लग्नांत आलेले स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळं आणि टीव्हीचे रिकामे खोके. जुन्या वस्तूंना आपण अडगळ म्हणतो, पण मोजून बघा, निम्म्याहून जास्त अडगळ गेल्या वीस वर्षांतली निघेल.

जपानच्या मारी कोंडो बाईंचं घर आवरण्यावरचं पुस्तक जगभर गाजलं. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का बघायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. फ्लॅटमधल्या कपड्यांच्या कपाटाला ही युक्ती छान चालते, आमच्या घरी मुलीनं करून बघितली. पण गावाकडच्या घरात हंडा हातात घेतला की पहिला प्रश्न आनंदाचा नसतो. हंडा कुणाचा, हा असतो. आजीच्या माहेरचा, की काकूच्या रुखवतातला, की थोरल्या काकांनी विकत आणलेला? घर तिघा भावांचं, चुलत्यांचं, आणि आत्या-बहिणींचंही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क कर्नाटकात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्यानं आला. आवराआवरीच्या वेळी मात्र बहिणीला फोन करायचं कुणालाच सुचत नाही. मग भंगारवाल्याला किलोवर दिलेल्या हंड्याची आठवण पुढं दहा वर्षं प्रत्येक लग्नात निघते. तो हंडा विकून आलेले पैसे सांगितले तर तुम्ही हसाल.

वस्तूंचं एक वेळ चालेल, कागदाचं चालत नाही. आज मुख्यतः तेच सांगायला आम्ही उभे आहोत.

आमच्या भागातल्या जुन्या ट्रंकेत कागदांचे थर असतात. वरचे कन्नडमधले. त्याखाली मराठीतले, आणि अगदी तळाला मोडीतले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. घर जागचं हललं नाही, पण त्याच्या कागदांवर तीन राज्यांची नावं आली. घरातल्या तरुण पोरांना मोडी वाचता येत नाही, कित्येकांना कन्नडही धड येत नाही. म्हणून जो कागद वाचता येत नाही तो निरुपयोगी, असं ठरवून ते बंबात घालायला निघतात.

आम्ही सरकारी टेबलाच्या अलीकडे बसतो, म्हणून सांगतो. माणसं कागदासाठी किती हेलपाटे घालतात ते रोज दिसतं. १९७४ नंतर कुळांना जमिनी मिळाल्या, तेव्हाचा भू-न्यायमंडळाचा निकाल आणि दहा नंबरचा फॉर्म हा अनेक घरांचा पायाच आहे. उतारे २००० नंतर 'भूमी' योजनेत संगणकावर गेले. नाव चुकून पडलं असेल तर दुरुस्तीला जुना हातानं लिहिलेला उताराच पुढं करावा लागतो. गावठाणातल्या घराचा ई-स्वत्तूचा उतारा काढायला गेलं की जुनी घरफाळ्याची पावती, वाटणीपत्र, खरेदीखत विचारतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, हे वारस लावताना हवेच. आणि सीमाभागात जुन्या मराठी कागदाचं मोल वेगळं सांगायला नको. गावात कुठली भाषा चालत होती, याची साक्ष भाषणांपेक्षा शाळेचे दाखले आणि पावत्या जास्त देतात.

तेव्हा घरात एवढा एक नियम करा: न वाचलेला कागद घराबाहेर जाणार नाही. मोडी वाचणारे अजून आहेत. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, घरातल्या एखाद्या पोराला बसवा. कागद मोबाईलवर फोटो काढून भावंडांना पाठवा, पण मूळ कागद ठेवाच. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात अडकला की सुखरूप बाहेर निघत नाही. चिकटपट्टी लावू नका, टाचण्या-पिना गंजतात, त्या काढा. घड्या उलगडून स्वच्छ सुती कापडात सपाट ठेवा, आणि ट्रंक जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच येते.

आता कधी आवरायचं? आपण सगळे श्रावणाच्या शेवटी आवरतो, आणि आमच्याकडे त्या दिवसांत भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात. त्या ओलीत ट्रंक उघडली की कागद दमट होतात आणि बंद केली की बुरशी धरते. शिवाय गणपती दोन दिवसांवर आलेला, त्यामुळं जे हाताला लागेल ते पोत्यात. गणपतीला फक्त पुसायचं, झाडायचं, जाळी काढायची. खरी आवराआवर एप्रिल-मे मध्ये, कडक उन्हात. माळा रिकामा करून अंगणात मांडा, पोरांना सुट्टी असते, ती हौसेनं करतात. मात्र काय ठेवायचं नि काय द्यायचं हे गणपतीतच ठरवा, कारण सगळी भावंडं, आत्या, बहिणी एका ताटाला तेव्हाच बसतात. मे मध्ये निम्मे लोक येत नाहीत.

आम्ही दोन वर्षांपूर्वी असं केलं. गणपतीत आरतीनंतर वही घेऊन बसलो, थोरल्या आत्यांना मध्ये बसवलं. कुठली वस्तू कुणाची, हे त्याच सांगू शकत होत्या. सांगता सांगता तीन रात्री गेल्या, कारण प्रत्येक भांड्यामागं एक लग्न, एक बाळंतपण, एक दुष्काळ निघत होता. पोरांनी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. हंडे तिघा भावांनी आणि दोघी बहिणींनी वाटून घेतले. कुळव गावातच एकाला दिला, जू सोप्याच्या भिंतीला लावलं. डबे गावच्या मंडळाला महाप्रसादासाठी गेले, खोके आणि घड्याळं भंगारात. कागदांची ट्रंक आत्यांच्या सांगण्यावरून थोरल्या वहिनींच्या ताब्यात दिली, किल्ली मधल्या भावाकडे. वहीवर सगळ्यांच्या सह्या आहेत.

कंदिलांचा निर्णय तेवढा राहिला. कंदील दोन आणि मागणारे पाच, त्यामुळं ते अजून माळ्यावरच आहेत.